गाडीत काही नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्याच्याबरोबर रोज एका कागदातली भजी खातो, त्या शेजारच्या वेल्डिंगवाल्यालाही नाही. एकदा देवळात हात जोडून उभा होतो, तिथं मनातल्या मनात सुरुवात केली आणि मध्येच विषय बदलला — देवासमोर विषय बदलला, बोला! मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. उद्या तुम्ही माझ्या गॅरेजवर येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसणार नाही, म्हणून असेल.

गॅरेज लाखांदूरला आहे. पत्र्याची शेड, समोर कडुनिंब, त्याखाली दुरुस्तीला आलेल्या गाड्या. आमच्याकडे गाड्या दुरुस्त करणाऱ्यालाही मिस्त्रीच म्हणतात, तसा मीही मिस्त्री. माझा हात चांगला आहे — हे मी माझ्याच तोंडानं सांगतोय, पण तालुक्यात कुणालाही विचारा. आणि जीभसुद्धा चांगली चालते. गिऱ्हाईक तोंड पाडून गाडीजवळ उभं असलं की मी काहीतरी बोलतो, आजूबाजूची माणसं हसतात, गिऱ्हाईकही हसतं. लोक निव्वळ माझं बोलणं ऐकायलाही येऊन बसायचे. त्या जिभेचा मला फार अभिमान होता. होता, म्हणतोय.

सांगायचंय ते ईस्तारीभाऊंबद्दल. ते दिघोरीचे, मीही मूळचा तिथलाच. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे. त्यांच्याच गाडीवर मी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं होतं, शेताच्या वाटेवर, ते शेजारी बसून विडी ओढत होते आणि मी गाडी धानाच्या बांधीत घातली तेव्हा ओरडले नाहीत, हसले. मी गॅरेज टाकलं तेव्हा लोक सवयीनं वडशाला जायचे. ईस्तारीभाऊ मात्र मालकाशी वाद घालून गाडी माझ्याकडे आणायचे.

मालक म्हणजे रामदासभाऊ. गावच्या तलावाचा मासेमारीचा ठेका त्यांच्याकडे. पहाटे ढिवर मंडळी जाळी ओढायची, मासोळ्या बर्फाच्या डब्यांत भरायच्या, आणि ईस्तारीभाऊ मालकाच्या जुन्या पिकअपमधून तो माल भंडाऱ्याच्या बाजारात पोचवायचे. उशीर झाला तर बर्फ वितळतो, मासोळी मऊ पडते, आणि मऊ मासोळीकडे बाजारात कुणी बघतही नाही. म्हणून या धंद्यात ड्रायव्हरची एकच गोष्ट बघतात — वेळेवर निघतो की नाही.

आणखी एक सांगायला हवं. ईस्तारीभाऊ एके काळी प्यायचे. मोहाची. चोरून नाही, उघड. मग एक दिवस सोडली. कुणी शपथ घातली नव्हती, बुवा-बाबा केला नव्हता — सोडली म्हणजे सोडली. पोळ्याच्या पाडव्याला अख्खं गाव डोलत असायचं आणि हे आपले ओसरीवर बसून चहा पीत असायचे. वैनी, म्हणजे त्यांची बायको, त्या चहात दिवसभर साखर कमी पडू द्यायच्या नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता बिघाडाकडे येतो. खरं तर त्याच्या थोडं आधीपासून सुरुवात करायला पाहिजे, दसऱ्यापासून. आमच्याकडे दसऱ्याला गाडी नवरीसारखी सजते. धुवायची, हार घालायचा, नारळ फोडायचा, आणि ज्याला जमेल तो खालच्या चासीलाही काळा रंग मारून घेतो. मासोळीच्या गाडीला तर ते लागतंच, कारण बर्फाचं पाणी वर्षभर गळून गळून खालचं लोखंड खातं. रामदासभाऊ म्हणाले, खालून अशी काळी कर का नवी वाटली पाह्यजे. मी तारेच्या ब्रशनं गंज काढला, मध्ये येत होतं ते सगळं खोललं, फवाऱ्यानं रंग मारला, रंग सुकतो न सुकतो तोच सगळं पुन्हा आवळलं — कारण मागं रांग होती, आणि ज्याला त्याला गाडी पूजेच्या आधी हवी होती. काम असं झालं की मी गाडीखाली उताणा पडून मोबाईलवर फोटो काढला. गाडीच्या पोटाचा फोटो! चार जणांना दाखवलासुद्धा.

दिवाळी झाली आणि ईस्तारीभाऊ तक्रार घेऊन यायला लागले. चावी फिरवली की सेल्फनं इंजिन गरगर फिरवायला हवं. त्याऐवजी नुसता ‘टक’ असा आवाज. दिवे मंदावतात आणि संपलं. पुन्हा चावी, पुन्हा टक. मग कधी धक्का मारून, कधी नुसती गाडी हलवून, कधी काहीच न करता एकदम चालू. जणू काही झालंच नव्हतं.

कायमची बंद पडलेली गाडी सोपी असते हो. ती कुठं दुखतंय ते दाखवते. पण कधी दुखतंय आणि कधी नाही, अशी गाडी मिस्त्रीचा जीव खाते. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरतो ना, तसं हिचं होतं. माझ्या दारात आली की पहिल्या चावीला चालू. मी विचारायचो, कुठं आहे बिघाड? आणि ईस्तारीभाऊ ओशाळून म्हणायचे, ‘सकाळी होता ना गा.’

मी काय काय केलं नाही? दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून पाहिली. टर्मिनल घासले. सेल्फ उतरवून खोलला, कार्बन बदलले, सोलेनॉइड बदललं. चावीचा स्विच नवा टाकला. प्रत्येक वेळी गाडी काही दिवस बरी चालायची आणि मी मिशीला पीळ भरायचो — सापडलं! मग पुन्हा फोन. मला कारण कळत नव्हतं, पण मान मात्र मी घेत होतो. एक जागा सोडून मी सगळं पाहिलं. त्या जागेवर खालून टॉर्चचा उजेडही पाडला होता. काळीभोर, चकचकीत, बोल्ट घट्ट. माझ्याच हातचं काम होतं. त्याच्यावर कशाला संशय घ्यायचा?

थंडी वाढत गेली तसा उशीरही वाढत गेला, आणि गावात कुजबुज सुरू झाली. गाडी मिस्त्रीच्या दारात चालू होते आणि तलावावर बंद पडते — मग बिघाड कुणात आहे? ईस्तारीनं पुन्हा घ्यायला सुरुवात केली. सकाळी डोकं जड असतं, उठवत नाही, म्हणून गाडीचं नाव सांगतो. चहाच्या टपरीवर हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी तिथं होतो. ईस्तारीभाऊ माझ्या शेजारी कितीदा वाकून उभे राहिले होते, बोनेटमध्ये दोघांची डोकी एकत्र असायची — वास कधी आला नव्हता. एकदाही नाही. हे सांगायला काय लागत होतं?

मी नाही सांगितलं. चहात बिस्कीट बुडवत बसलो. आणि आता नीट विचार केला की कळतं, मी का गप्प बसलो ते. ईस्तारीभाऊ खरं बोलत असतील तर गाडीत बिघाड आहे. गाडीत बिघाड असेल तर तो मला सापडत नाही. आणि ते पीत असतील, तर मिस्त्री हुशारच राहतो. त्यांचं पिणं माझ्या सोयीचं होतं. लिहायला लाज वाटतेय, पण असंच होतं.

मग तो तलावावरचा दिवस. तो सांगायला मी इतका वेळ घेतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

सकाळी रामदासभाऊंचा फोन आला, आवाज चढलेला. मी मोटारसायकल काढली आणि पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. पिकअप तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उभी, मागं डबे भरलेले, बर्फाचं पाणी फळीतून टपटप गळतंय. जाळी ओढून दमलेली माणसं उकिडवी बसून विड्या ओढतायत, काही अजून गुडघाभर पाण्यातच. रामदासभाऊ, त्यांच्या शेजारी त्यांचा भाचा — चांगला लग्न झालेला बाप्या, गाडी चालवायला केव्हाचा टपलेला. आणि बोनेट उघडून त्याला टेकलेले ईस्तारीभाऊ. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही आव नव्हता. नुसती धास्ती.

मी बसलो, चावी फिरवली, गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू झाली.

कुणीतरी नाकातून हसलं. रामदासभाऊंनी ईस्तारीभाऊंकडे असं पाहिलं की मीच नजर खाली केली. मी गाडी बंद करून उतरलो, तसे ईस्तारीभाऊ माझ्याकडे आले. हळू आवाजात, जणू आमच्या दोघांतलंच काहीतरी आहे अशा आवाजात म्हणाले,

‘मिस्त्री, एक सांगू का? चावी मारली का ते आक्सिलेटरची तार गरम होते गा. इंजिन थंडंगार, अन् तार चटका देते. हे पाह्य.’

त्यांनी बोटं पुढं केली. दोन बोटांवर लाल रेघ उठली होती.

आणि मी मोठ्यानं — सगळ्यांना ऐकू जाईल असं, मुद्दाम मान वळवून — म्हणालो, ‘अरे बाप्पा! गाडीले ताप आला म्हणा ना, भाऊ. मंग मिस्त्रीले काहून बलावलं? डाक्टरले बलवा!’

अख्खी पार हसली. पाण्यातून एक जण ओरडला, ‘ताप गाडीले नाई गा, डायव्हरले हाय! रातची उतरली नसन!’ पुन्हा हशा. मीही हसलो. दात दाखवून हसलो. ईस्तारीभाऊंनी ती दोन बोटं खिशात घातली.

रामदासभाऊ हसले नव्हते. ते म्हणाले, ‘मिस्त्री, सीधं सांग. गाडीत काही हाय का नाई?’

मी म्हणालो, ‘गाडीत काही नाई.’

त्यांनी चावी काढून भाच्याच्या हातात दिली. एवढंच. ईस्तारीभाऊ पारीवरून चालत घरी गेले, अनवाणी, कारण चपला गाडीतच राहिल्या होत्या.

बरीच वर्षं मी स्वतःला असं सांगत आलो की तेव्हा मला माहीत नव्हतं. ताप वगैरे सहज तोंडातून गेलं, आपली जीभच तशी, बिघाड नंतर सापडला. बायकोला कधी सांगायची वेळ आली असती तर असंच सांगितलं असतं. तुम्हालाही आत्ता तसंच सांगणार होतो — वरचा मजकूर लिहिताना मनात तेच होतं.

खोटं आहे. मला माहीत होतं.

सांगतो कसं ते. बॅटरीतून वीज जाड तारेनं सेल्फकडे जाते, पण परतीची वाट इंजिनाच्या आणि चासीच्या लोखंडातून असते. इंजिन आणि चासी यांना जोडणारी एक तांब्याची विणलेली पट्टी असते, अर्थिंगची. तिचा जोड उघड्या लोखंडावर बसायला हवा. मध्ये गंज किंवा रंग आला की वाट अडली. मग वीज मिळेल त्या फटीतून परत जायला बघते, आणि इंजिनाला चासीशी जोडणारी दुसरी बारीकशी गोष्ट कुठली? आक्सिलेटरची तार. म्हणून ती तापते. थंड इंजिन आणि गरम तार, याचा अर्थ एकच. माझ्या उस्तादांनी मला हे नागपूरच्या गॅरेजमध्ये मिशी फुटायच्या आधी शिकवलं होतं. ईस्तारीभाऊंच्या तोंडून ‘तार चटका देते’ निघालं आणि मला सगळं दिसलं — ओला काळा रंग, त्यावर ती पट्टी धरलेला माझा हात, पाना, घाई. रंग खरवडून लोखंड उघडं करायचं राहिलं होतं. दसऱ्याला मीच ती गाडी बिघडवली होती, आणि फोटो काढला होता.

हे सगळं एका श्वासात कळलं. आणि पुढच्या श्वासात मी विनोद केला. सहज नाही. त्यांनी तारेबद्दल आणखी काही बोलू नये, दुसऱ्या कुणी ऐकू नये, म्हणून केला. हातात जे होतं ते फेकून मारलं, आणि माझ्या हातात नेहमी तेच असतं.

‘भाऊ बरोबर बोलतायत, चूक माझी आहे.’ एवढं म्हणालो असतो तर काय झालं असतं? रामदासभाऊंनी आईबहीण काढली असती. संध्याकाळपर्यंत विसरले असते. मिस्त्रीची चूक लोक पोटात घालतात, मिस्त्रीलाही हात दोनच असतात म्हणतात. मला हे तेव्हाही ठाऊक होतं. पण सगळी पार माझ्याकडे बघत होती. माझ्या शब्दावर हसायला तयार बसली होती. मला ते हवं होतं.

इथं थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. नाही, चाललं नसतं, पण पुढचं तरी घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी भाचा गाडी घेऊन आला, एकदा सगळी तपासून द्या म्हणाला. मी त्याला चहाला पाठवलं आणि खाली शिरलो. बोल्ट खोलला. पट्टीखाली रंग जसाच्या तसा, कडेला नखाएवढी जागा घासून उघडी पडलेली — तेवढ्यावर ती गाडी कधी चालायची, कधी नाही. कानशीनं घासून लोखंड पांढरं केलं, पट्टी बसवली, ग्रीस लावलं. भाचा परत आला तेव्हा मी हात पुसत होतो. काय केलं, त्यानं विचारलं. ग्रीसिंग केलं, म्हणालो.

अजूनही वेळ होती ना? अर्धं खोटं बोललो असतो तरी चाललं असतं. गंज निघाला म्हणालो असतो, माझा रंग लपला असता आणि ईस्तारीभाऊही सुटले असते. एवढंही केलं नाही. कारण काल सगळ्यांसमोर म्हणून बसलो होतो, गाडीत काही नाही.

आणि मग गाडी पुन्हा कधीच बंद पडली नाही. भाचा रोज वेळेवर बाजारात. गावाला आणखी काय पुरावा हवा? ड्रायव्हर बदलला आणि गाडी सुधारली! मी ती तशीच सोडली असती तर थोड्याच दिवसांत भाचाही पारीवर अडकला असता आणि लोकांनी तोंडात बोटं घातली असती. मी दुरुस्त केली म्हणून ईस्तारीभाऊ खोटे ठरले. या बाजूनं विचार करायला मला फार उशीर लागला.

एका बाजाराच्या दिवशी वैनी आल्या. शेडच्या बाहेरच उभ्या राहिल्या, हातात रिकामी पिशवी. मी आत या म्हटलं, तर आल्या नाहीत.

‘भाऊजी, राग नोका धरू. ते म्हणतेत का गाडीच चालू होत नव्हती. म्या तोंडाचा वास घेऊन पाह्यला, नाई येत. पण सारा गाव म्हणून राह्यला. तुमी सांगान ते मी खरं मानीन.’

माझे हात तेलाचे होते. मी ते पुसत राहिलो, पुसून झाल्यावरही पुसत राहिलो.

‘गाडी तं बरी हाय, वैनी,’ म्हणालो.

बघा किती हुशारीनं बोललो. त्यांच्याविरुद्ध एक शब्द नाही. गाडी बरी आहे — त्या दिवशी ते खरंसुद्धा होतं! त्यांनी मान हलवली, पदर सारखा केला आणि बाजाराकडे गेल्या. त्या बाईनं नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला होता, नाकाला जे कळलं त्याच्यावरचा विश्वास माझ्या दारात येऊन सोडून दिला.

त्यानंतर ईस्तारीभाऊंना कुणी स्टिअरिंग दिलं नाही. धानाच्या हंगामात ट्रॅक्टरवर तरी ठेवा म्हणून ते दोन-तीन ठिकाणी गेले, तिथं लोकांनी तोंडावर विचारलं, ताप उतरला का? माझा विनोद त्यांचं नाव झाला. लहान लहान लेकरं त्यांना ‘तापबुवा’ म्हणायची, आणि त्या लेकरांना माहीतही नव्हतं कशावरून ते. आणि मग, वर्षभरानं असेल, ते खरंच प्यायला लागले. लोक म्हणाले, आम्ही सांगतच होतो. म्हणाले तेव्हा मी तिथं होतो. मान हलवली की नाही, आठवत नाही. हलवली असेल.

एका दिवाळीला त्यांच्या घरी मिठाईचा डबा नेऊन दिला. वैनींनी घेतला, बसा म्हणाल्या, मी घाईत आहे म्हटलं. बाहेर पडल्यावर मला हलकं वाटलं. एक डबा देऊन हलकं वाटलं, असा माणूस आहे मी.

तुम्हाला वाटेल, झालं, सांगून टाकलं यानं. नाही. हे सगळं जुनं आहे, आणि जुन्याची लाज माणूस पांघरूण करून घेतो, सवय होते तिची. जे सांगायला बसलो ते गेल्या महिन्यातलं आहे.

ईस्तारीभाऊंचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांचे साडभाऊ, म्हणजे साडू, सिहोऱ्याहून पाहुणे आले होते, स्वतःची जुनी पिकअप घेऊन, आणि सकाळी ती अंगणातच अडून बसली. चावी मारली की टक. मी नाही म्हणू शकलो असतो. शेडवर कामही होतं. पण मी गेलो, का ते मला माहीत नाही. कदाचित बघायचं होतं.

ईस्तारीभाऊ वाळले आहेत. दाढी पांढरी. त्या दिवशी प्यायलेले नव्हते, अंघोळ करून स्वच्छ सदरा घालून उभे होते, मिस्त्री येणार म्हणून. साडभाऊ चावीवर बसले, मी बोनेटमध्ये वाकलो, आणि ईस्तारीभाऊ माझ्या शेजारी येऊन वाकले, पूर्वीसारखे. साडभाऊंनी चावी फिरवली. टक. पुन्हा टक. आणि मी थांबवायच्या आत ईस्तारीभाऊंनी हात घालून आक्सिलेटरची तार धरली.

हात झटकन मागं घेतला. बोटांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

‘चटका बसला गा,’ म्हणाले.

मी बॅटरीच्या मायनसपासून इंजिनापर्यंत एक जाड केबल धरली, साडभाऊंना चावी फिरवा म्हटलं, गाडी लगेच चालू झाली. साडभाऊ खूश. काय होतं, विचारत होते. अर्थिंगची पट्टी गंजून तुटली आहे, मी सांगितलं, ती बदलली की झालं. परतीची वाट तुटली की वीज तारेतून जाते, म्हणून तार तापते. हे मी सांगितलं. सांगावंच लागलं, समोर होतं.

ईस्तारीभाऊ अजून बोटांकडेच बघत होते. सावकाश म्हणाले, ‘मंग तेव्हा बी तेच असन ना, मिस्त्री? रामदासच्या गाडीत? मी बोललो होतो तुले. तार गरम होते म्हणून.’

आवाजात राग नव्हता. उलट — कसं सांगू — आशा होती. म्हातारा माणूस इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून मातीत गेला, ती त्याच्या दोन बोटांवर परत आली होती. फक्त हो म्हणायचं होतं. तिथं पार नव्हती, गर्दी नव्हती, रामदासभाऊ केव्हाच धंदा सोडून मुलाकडे राहायला गेलेत. हसायला कुणी नव्हतं. माझं काय जाणार होतं?

मी म्हणालो, ‘नाई भाऊ. ते गाडी अलग होती. म्या सारी खोलून पाह्यली होती. तिच्यात काही नव्हतं.’

त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली.

‘असन बा,’ म्हणाले. ‘तू पाह्यली होती ना. मंग मीच त्या दिवशी घेतली असन. आता आठवत नाई मले.’

मी वळलो तर दारात वैनी उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. केव्हापासून होत्या, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं. त्यांनी माझ्यापुढं कप धरला. मी घेतला, ईस्तारीभाऊंच्या शेजारी ओसरीवर बसून सगळा प्यालो आणि घरी आलो.